शेवटच्या ओळीतलं टायपिंग

कोल्हापुरात एका कॉलेजच्या दारात ३१ वर्षं माझं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान होतं. आता ते सूनबाई बघतात. शिकता शिकता काम करणारी किती तरी पोरं-पोरी त्या काउंटरमागे उभी राहून गेली, म्हणून संपादकांनी कामधंद्याविषयीची वाचकांची पत्रं माझ्याकडे दिली आहेत. या वेळी तीन पत्रं घेतली आहेत. पहिल्याला सगळ्यात जास्त जागा दिली आहे, कारण त्या मुलीच्या जागी मी स्वतः होते.

काकू, सा. न.

मी बारावी कॉमर्सला आहे. वय १७, अठरा पूर्ण व्हायला अजून सात महिने आहेत. कॉलेज सकाळी साडेसात ते साडेबारा. चार ते रात्री दहा एका मोबाइल ॲक्सेसरीजच्या दुकानात काम करते. पगार महिना ४५०० रुपये, रविवारी सुट्टी. पगार कधी १५ तारखेला, कधी २० ला होतो. गेल्या महिन्यात ग्लास बसवताना दोन ग्लास फुटल्या आणि एक कव्हर सापडेना, म्हणून ६०० रुपये कापले. आई चार घरी चपात्या लाटते, भाऊ आठवीत आहे. मला बीबीए करायचं आहे, फीसाठी पैसे साठवते. दहाला दुकान बंद झाल्यावर बस मिळत नाही, चालत जाते आणि घरी पुस्तक उघडलं की झोप येते. काम सोडावंसं वाटतं, पण कामावर घेताना मालकांनी दहावीचं ओरिजिनल मार्कलिस्ट ठेवून घेतलंय आणि वर्षाच्या आत सोडलं तर दोन पगार भरून द्यायचे असं स्टॅम्पपेपरवर लिहून सही घेतलीय. दुसरं बरं काम कसं शोधायचं? मला फार काही येत नाही. दहावीच्या सुट्टीत मराठी टायपिंग तीसची परीक्षा पास झाले होते, पण त्याचा इथे काही उपयोग नाही.

– एक वाचक, कोल्हापूर

बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. सगळ्यात मोलाची गोष्ट तू सगळ्यात शेवटी लिहिलीस आणि तिचा उपयोग नाही असंही लगेच लिहून मोकळी झालीस. तिच्याकडे मी येणारच आहे. आधी तुझ्या मानेवर जे ओझं आहे ते उतरवू.

तो स्टॅम्पपेपर. आपल्याकडचा करार कायदा १८७२ सालचा आहे आणि अठरा वर्षं पूर्ण न झालेल्या माणसाने केलेला करार त्या कायद्यात धरतच नाहीत. कागद शंभराचा असो की पाचशेचा, तुझ्या सहीने तू कुणाला दोन पगार देणं लागत नाहीस. मालकांना हे ठाऊक असेल किंवा नसेलही. बाजारात असे कागद एकाचं बघून दुसरा करतो. पण त्या कागदाच्या भीतीने तू तिथे एक दिवसही जास्त थांबू नकोस. मार्कलिस्ट तुझं आहे, ते अडकवून ठेवायचा हक्क कुणालाच नाही. ते कसं परत घ्यायचं ते पुढे सांगते.

आता तुझी वेळ. बाल व किशोरवयीन कामगारांचा जो १९८६ चा कायदा आहे, त्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि १४ ते १८ वयाच्या मुलांसाठी नियम आले. संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी आठच्या आत दुकानात काम करायचं नाही. सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही, त्यानंतर किमान एक तास विश्रांती. विश्रांती धरून दिवसाचे सगळे मिळून सहा तास. ओव्हरटाइम नाही, आठवड्याला एक पूर्ण दिवस सुट्टी, आणि एकाच दिवशी दोन ठिकाणी कामाला लावायचं नाही. तू राजी आहेस म्हणून मालकाला सूट मिळत नाही. तुला कामावर ठेवतो तो, नियम पाळायची जबाबदारीही त्याचीच. तुझे चार ते दहा यातल्या किती नियमांत बसतात, तूच बघ. रविवारची सुट्टी आणि एकूण सहा तास तेवढे बसतात.

हे सांगितलं की मुली म्हणतात, काकू, मग मला कामच मिळणार नाही. मिळतं. पण सातच्या आतलं काम वेगळ्या ठिकाणी असतं, ते शोधायला वेगळ्या वेळी बाहेर पडावं लागतं. त्याआधी एक हिशेब कर. वहीच्या मागच्या पानावर लिही: दिवसाचे सहा तास, महिन्याचे २६ दिवस, एकूण १५६ तास. ४५०० भागिले १५६, म्हणजे तासाला २८ रुपये ८५ पैसे. गेल्या महिन्यात ६०० कापले, हातात आले ३९००. म्हणजे तासाला बरोबर २५ रुपये. दुकानातल्या कामाचं किमान वेतन राज्य सरकार ठरवतं आणि दर सहा महिन्यांनी त्यातला विशेष भत्ता बदलतो. कामगार आयुक्तांच्या कार्यालयात दर विचारून घे, त्याला २६ ने भाग आणि मग आठने भाग. तुझे २५ रुपये त्याच्या बरेच खाली आहेत, हे तुला कागदावर दिसेल.

हा हिशेब मी सगळ्यांना करायला लावते, कारण पगाराचा आकडा फसवा असतो. समज, तुला दुपारी दोन ते पाच असं तीन तासांचं काम मिळालं आणि त्याचे तीन हजार मिळाले. तू म्हणशील पंधराशेचा तोटा झाला. पण महिन्याचे तास झाले ७८ आणि तासाचे झाले ३८ रुपये. शिवाय रोजचे तीन तास आणि रात्रीची ती पायपीट वाचली. बारावीच्या वर्षात ७८ तास म्हणजे काय ते तुझ्या अकाउंट्सच्या सरांना विचार. राहिलेले पंधराशे घरच्या घरी भरून निघतात. साडेपाच ते साडेसहा गल्लीतल्या पहिली ते चौथीच्या तीन मुलांचा अभ्यास घे. घरी आईसमोर बसून तीन मुलांना पाढे शिकवणं ही काही दुकानातली नोकरी नाही, आणि जून महिन्यात आया स्वतः विचारत येतात.

आता तुझं टायपिंग.

मराठी तीसचं सर्टिफिकेट म्हणजे मिनिटाला तीस शब्द. परीक्षा परिषदेची ती परीक्षा पास होणारे पुष्कळ असतात. पण पास झाल्यावर रोज टाइप करत राहणारे फार थोडे. माझ्या दुकानाला लागून टायपिंगचं टेबल होतं, तिथला माणूस गावाला गेला की आमच्याकडे रांग अडायची. प्रतिज्ञापत्र, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, तहसीलदारांना अर्ज, वारस नोंदीचे कागद, सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त – हे सगळं मराठीत लागतं. इंग्रजी टाइप करणारं पोरगं दर दुसऱ्या घरात आहे. मराठीत ‘हक्कसोडपत्र’ न अडखळता, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून टाइप करणारी मुलगी शोधायला वकील मंडळी फोन फिरवत बसतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि तू तर कोल्हापुरातच आहेस. १८ ऑगस्ट २०२५ पासून इथे मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची कामं इथे येतात. उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं हे खरं, पण पक्षकार सोबत आणतो ते खालच्या कोर्टातले कागद मराठी असतात. वकिलांची ऑफिसं वाढली की झेरॉक्स, बाइंडिंग, टायपिंग सगळंच वाढतं. शिवाय दुपारी दोन ते पाच ही या सगळ्यांची टेबलावर बसून कागद करायची वेळ. तुझ्या मोकळ्या वेळेत ज्याला माणूस लागतो, त्याच्याकडे जायचं. मोबाइलच्या दुकानात गर्दी सहानंतर असते, म्हणून तिथे तुला रात्री थांबवतात. त्या धंद्यात तू कितीही चांगलं काम कर, वेळ तीच राहणार.

वकिलांखेरीज आणखी ठिकाणं आहेत: झेरॉक्स-डीटीपी सेंटर, लग्नपत्रिका छापणारे प्रेसवाले, कर सल्लागारांची ऑफिसं (तू कॉमर्सची, टॅली तिथे बघून बघून येईल), आणि पाळणाघरं. अभ्यासिका सांभाळायचं काम मिळालं तर सोन्याहून पिवळं, बसल्या जागी अभ्यास होतो. पण या जागा फार वेळ रिकाम्या राहत नाहीत.

जायच्या आधी पंधरा दिवस हात चालव. टायपिंग क्लासवाले महिन्याची थोडी फी घेऊन रोज तासभर सरावाला मशीन देतात. परीक्षा दिलीस त्याच क्लासला जा, ओळखीचे म्हणून सवलत देतील. ‘युनिकोडमध्ये येतं का?’ (म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर नीट दिसणारं मराठी टायपिंग) हा प्रश्न तुला पहिल्यांदा विचारतील, त्याचं उत्तर ‘हो’ असलं पाहिजे. वर्तमानपत्रातली एखादी जाहीर नोटीस घे, वकिलांनी दिलेली, ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’ वाली. ती घड्याळ लावून टाइप कर. रोज एक. पंधरा दिवसांनी तुझ्याकडे पंधरा पानं होतील. त्यातली सगळ्यात स्वच्छ तीन प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घाल.

कामाला विचारायला कधी जायचं, हे कुणी शिकवत नाही म्हणून सांगते. दुकान उघडल्या उघडल्या जाऊ नको. बोहनी व्हायच्या आत कुणी काम मागायला आलं की चांगला माणूससुद्धा तुटक बोलतो. संध्याकाळच्या गर्दीत जाऊ नको, तेव्हा तो तुझ्याकडे बघणारही नाही. जेवण झालेलं असतं, गिऱ्हाईक तुरळक असतं, अशी दुपारी तीनची वेळ बरी. कॉलेजच्या ड्रेसवरच जा. ‘काही काम आहे का?’ असं विचारू नको, त्याचं उत्तर ‘नाही’ असंच ठरलेलं असतं. असं म्हण: “नमस्कार. मी बारावी कॉमर्सला आहे. मराठी टायपिंग तीस पास आहे. दुपारी दोन ते पाच रोज येऊ शकते. एक पान आत्ता टाइप करून दाखवते, बघून सांगा.” आणि फोल्डर पुढे कर. वय विचारलं तर खरं सांग. वय लपवून मिळालेल्या कामात पहिल्या दिवसापासून तुझी शेंडी मालकाच्या हातात राहते.

एका मुलीची गोष्ट सांगते. काम मागायला आली तेव्हा मी मशीनमधला अडकलेला कागद ओढत होते आणि काउंटरवरचा एका मुलाच्या प्रोजेक्टचा गठ्ठा पंख्याने खाली पसरला होता. ती बोलता बोलता खाली बसली, पानं गोळा केली, आकडे बघून क्रमाने लावली, गठ्ठा उभा धरून काउंटरवर दोनदा आपटला, मग आडवा करून दोनदा आपटला. चारही कडा सरळ. मग वर वजन ठेवलं आणि म्हणाली, “काकू, सत्तावीस नंबरचं पान नाहीये यात.” ते मशीनमध्येच अडकलं होतं. मी तिला दुसऱ्या दिवसापासून ये म्हटलं. चार वर्षं होती माझ्याकडे. तुझी तीन टाइप केलेली पानं हेच काम करतील. मालकाला तुझ्या गरजेची दया येण्यापेक्षा तुझ्या हाताचा भरवसा वाटू दे. दयेने ठेवलेल्या मुलीचा पगार वर्षानुवर्षं वाढत नाही, हे मी पुष्कळ दुकानांत बघितलंय.

पगार ठरवताना तीन गोष्टी तोंडावर विचारून घे: तास किती, पैसे किती, तारीख कोणती. घरी आल्यावर त्याच मालकाला व्हॉट्सॲपवर नम्रपणे लिही: “सर, आज ठरल्याप्रमाणे सोमवारपासून दुपारी २ ते ५ येते. पगार अमुक, ७ तारखेपर्यंत. धन्यवाद.” ‘हो’ असं एवढंच उत्तर आलं तरी ते कागदावरच्या सहीसारखं कामाला येतं. ७ तारीख मी उगीच म्हणत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आहे, तिच्यात महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा असं आहे. पगार बँकेत घे. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतः चालवता येईल असं बचत खातं उघडता येतं, आईच्या खात्यावरच घ्यायला पाहिजे असं नाही.

आणि ही गोष्ट काळजीने सांगते. पहिल्यांदा जाताना आईला किंवा मैत्रिणीला बरोबर ने. रस्त्यावरून आत दिसतं अशी जागा बघ. ‘ऑफिस माडीवर आहे, संध्याकाळी एकटी ये’ म्हणणाऱ्याकडे पाऊल टाकू नको. कामाशिवाय रात्री मेसेज करणाऱ्याला उत्तर देऊ नको, आईला दाखव. अठराच्या आतल्या मुलांसाठी १०९८ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, फोनमध्ये भरून ठेव.

आता सध्याचं काम कसं सोडायचं. आजपासून एक छोटी डायरी कर. तारीख, आले किती वाजता, गेले किती वाजता, एवढंच. पगार झाला की त्याच दिवशी, आईला घेऊन, दुपारी मालकांना भेट. भांडू नको. “बारावीचं वर्ष आहे, पंधरा दिवसांनी काम थांबवते, मार्कलिस्ट द्या आणि राहिलेला हिशेब करा.” संहितेनुसार काम सोडल्यावर दोन कामाच्या दिवसांत हिशेब द्यायचा असतो. कागदाचा विषय त्यांनी काढला, तरच आईने म्हणायचं, “ती अठराची नाही, तो कागद चालत नाही, आणि तिला रात्री दहापर्यंत ठेवलेलंही चालत नाही.” एवढ्यावर बहुतेक दुकानदार ड्रॉवर उघडतात. नाहीच उघडला तर कामगार आयुक्त कार्यालयात साधा अर्ज दे, डायरीची झेरॉक्स जोड. टाइप तर तूच करशील.

ते ६०० रुपयेही माग. माल फुटला तर कापता येतात, पण तुझ्या निष्काळजीपणाने फुटला असेल तर, आणि तुझं म्हणणं ऐकून घेतल्यावरच. ग्लास बसवताना एखादी जाते, तो त्या धंद्याचा खर्च आहे. मीही एकदा चुकले होते. एका मुलाने कागदाचं रिम पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवलं, बाटली कलंडली, मी पगारातून ४० रुपये कापले. १९९८ ची गोष्ट, तेव्हा ४० रुपये म्हणजे त्याचा एका दिवसाचा पगार. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून आला नाही. चार दिवसांनी मी पैसे घेऊन त्याच्या घरी गेले. आजी दारात तांदूळ निवडत बसली होती, तिने पैसे घेतले, मला बसायला पाट दिला, आणि मुलगा आतून बाहेर आलाच नाही. त्यानंतर मी कुणाचा पैसा कापला नाही.

फीचंही बघून घे. राज्य सरकारने २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. त्यासाठी प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रक्रियेतून व्हावा लागतो, नुसतं कॉलेजात जाऊन पैसे भरून घेतलेला चालत नाही. बीबीएसाठी आता सीईटी असते, तिचा अर्ज चुकवू नको. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्तीची योजना वेगळी आहे. कॉलेजच्या ऑफिसात तुझ्या दाखल्यावर काय बसतं ते याच आठवड्यात विचार. ज्या फीसाठी रात्री दहापर्यंत उभी राहतेस, ती कदाचित भरावीच लागणार नाही. आणि पुढच्या वर्षी पदवीला गेलीस की कॉलेजमध्ये ‘कमवा आणि शिका’ आहे का, हे पहिल्या दिवशी विचार. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून ही वाट आपल्याच भागात मळलेली आहे. ग्रंथालयात, ऑफिसात, प्रयोगशाळेत तासावर काम मिळतं आणि परीक्षेच्या दिवसांत सुट्टीसाठी कुणाच्या पाया पडावं लागत नाही.

सोळाव्या वर्षी मी एका टेलरकडे काज-बटण करायची. शर्टामागे चाळीस पैसे. रात्री कंदिलाजवळ सुई धरून डोळे चुरचुरायचे. शेजारच्या मास्तरीणबाईंनी एकदा माझ्या वहीतलं अक्षर बघितलं आणि मला एका वकिलांकडे नेलं, नकला लिहायला. दिवसाउजेडी, बसून, पानाला सव्वा रुपया. अक्षर माझ्याकडे आधीपासून होतं. ते विकता येतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुला एवढं लांब लिहिलं.

काकू, माझा मुलगा १६ वर्षांचा आहे. सुट्टीत किराणा दुकानात जातो. मालक त्यांची स्कूटर देऊन घरपोच सामान पोचवायला सांगतात, एका फेरीला २० रुपये जास्त मिळतात. मुलगा खूश आहे, मला मात्र धास्ती वाटते. थांबवू का?

– एक आई, इचलकरंजी

ताई, आजच थांबवा. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. दुकानदारांकडच्या स्कूटर शंभर सीसीच्या पुढच्या असतात. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. वीस रुपयांच्या फेरीसाठी नऊ वर्षं. हे आकडे मालकांना सांगा, तेही दचकतील, कारण गाडी त्यांची आहे.

पोराचा हिरमोड होईल, म्हणून नुसतं ‘नको’ म्हणू नका. फोनवरच्या याद्या उतरवून सामान काढणं, पुड्या बांधणं, संपलेल्या मालाची वही ठेवणं हे काम त्याने मालकाकडे मागावं. किराणा धंदा तिथेच शिकता येतो. जवळच्या गल्लीत सायकलवर पोचवायला माझी हरकत नाही, मात्र सातच्या आत.

मॅडम, वय १७. इन्स्टावर घरबसल्या डेटा एन्ट्रीचं काम बघून २५०० रुपये रजिस्ट्रेशन भरलं, आधारचा फोटो पाठवला. काम केलं तर म्हणाले चुका जास्त आहेत, करार मोडला, १२ हजार भरा नाहीतर कोर्टाची नोटीस येईल. वकिलाच्या नावाने रोज फोन येतो. घरी सांगितलेलं नाही.

– एक विद्यार्थी, सातारा

एक रुपयाही भरू नकोस. वर स्टॅम्पपेपरविषयी लिहिलंय ते तुलाही लागू आहे. तू सतरा वर्षांचा, तुझ्याशी करार होतच नाही. आणि काम देणारा कधी कामगाराकडून पैसे घेत नाही. ज्याने पहिल्यांदा तुझ्याकडे पैसे मागितले, त्याच्याकडे काम नव्हतंच. तो वकील वकील नाही. कोर्टाची नोटीस अशी रोज फोनवर येत नसते.

चॅट पुसू नकोस. सगळ्याचे स्क्रीनशॉट घे, पैसे पाठवल्याची पावती, नंबर, तारखा. १९३० वर फोन कर, तो सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे, आणि त्यांच्या पोर्टलवर तक्रार नोंदव. पैसे गेल्यावर जितक्या लवकर कळवशील तितकी ते गोठवता येण्याची शक्यता जास्त, म्हणून उद्यावर टाकू नकोस. आधारचा फोटो गेलाय, तेव्हा आधारच्या सरकारी ॲपवरून बायोमेट्रिक लॉक कर.

पण त्याच्याही आधी, आज रात्री जेवणं झाली की वडिलांना सांग. ते चिडतील, पाच-दहा मिनिटं. मग फोन तुझ्या हातातून त्यांच्या हातात जाईल, आणि पुढचा फोन तेच उचलतील.